५० ते १०० मीटरसाठी परवडणारा स्कोप: नागपूरच्या उन्हात निवडताना

सगळ्यात आधी हे पाहून घ्या की तुम्हाला स्कोप (रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण) लागतो का. स्पर्धेतल्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत रायफलवर स्कोप चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून नेम धरायची साइट) लागते. तुमचं ध्येय राज्य स्पर्धा असेल तर हेच पैसे बाजूला स्टँडवर ठेवायच्या स्पॉटिंग स्कोपमध्ये (टार्गेट बघायच्या दुर्बिणीत) घाला, त्याचा उपयोग जास्त. हा लेख आहे तो परवान्याची .२२ रायफल किंवा ताकदीची एअर रायफल टेकून, ५० मीटर आणि त्यापुढच्या कागदी टार्गेटवर नेम धरणाऱ्यांसाठी.

बाजारात स्वस्त स्कोप विकले जातात ते एक्सच्या (किती पट मोठं दिसतं त्या) आकड्यावर. ६-२४×५० (६ ते २४ एक्स, पुढचं भिंग ५० मिमी), लाल-हिरवा दिवा, वर सनशेड, आणि किंमत चांगल्या ३-९×४० पेक्षा कमी! तिथेच थांबा. त्या किमतीत २४ एक्सची भिंगं चांगली बसवता येत नाहीत, त्यामुळे एक्सच्या वरच्या निम्म्या पट्ट्यात चित्र धुरकट दिसतं. शिवाय पुढच्या भिंगाचा व्यास भागिले एक्स केलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिमी आणि १० एक्सला ती ४ मिमी येते, ५० मिमी आणि २४ एक्सला जेमतेम २. झोत इतका बारीक झाला की डोकं किंचित हललं तरी चित्र काळं पडतं.

त्यात आपला उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरून झळा उठायला लागतात. १०० मीटरवरचं टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं हलतं, आणि एक्स वाढवले की ते हलणंही तितकंच वाढतं. नवतप्यात दुपारी १० एक्सच्या वर जाऊन काही हाती लागत नाही. रायफलची नळी तापली की तिच्याही झळा थेट स्कोपसमोर येतात. म्हणून ४-१२×४० पुरे, आणि खिसा फारच हलका असेल तर फिक्स १० एक्स घ्या. झूमची यंत्रणा नसल्यामुळे त्याच पैशात भिंगं आणि टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचे गोल नॉब) बरी मिळतात. १०० मीटरवर .२२ चं भोक दिसावं म्हणून मोठे एक्स घेऊ नका, त्यासाठी स्पॉटिंग स्कोप वापरा.

आता पॅरलॅक्स (डोळा सरकल्याने नेमात दिसणारी चूक), कारण परवडणाऱ्या स्कोपमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते. साध्या स्कोपचा पॅरलॅक्स कारखान्यातच बहुधा १०० यार्डांवर पक्का केलेला असतो, .२२ साठीच्या स्कोपचा ५० यार्डांच्या आसपास. दुसऱ्या अंतरावर डोळा भिंगाच्या मध्यावरून सरकला की रेटिकल (स्कोपमधली नेम धरायची फुली) टार्गेटवर सरकलेलं दिसतं, रायफल मात्र जागची हललेली नसते. १०० मीटरवर पक्का केलेला ४० मिमीचा स्कोप ५० मीटरवर वापरला तर ही चूक वाईटात वाईट १० मिमी होते. उलट ५० चा स्कोप १०० वर वापरला तर २० मिमी. आपण १५-२० मिमीच्या ग्रुपसाठी (सगळ्या गोळ्या पडतात त्या घोळक्यासाठी) झटत असू तर हा आकडा लहान नाही. म्हणून पुढच्या भिंगावर फिरणारी एओ रिंग (पॅरलॅक्स जुळवायचं कडं) किंवा डाव्या बाजूला पॅरलॅक्सचा नॉब असलेलाच स्कोप घ्या. एअर रायफल असेल तर तो १० मीटरपर्यंत खाली येतो का तेही बघा. रिंगवर छापलेल्या अंतरांवर विश्वास ठेवू नका. रायफल पोत्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोळा वर-खाली करा, आणि रेटिकल हलायचं थांबेल तिथे पांढऱ्या पेनाने स्वतःची खूण करा. पण त्याआधी मागचं आयपीस कोऱ्या आकाशाकडे बघून (सूर्याकडे कधीच नाही) रेटिकल काळं-कुळकुळीत दिसेपर्यंत फिरवून घ्या. एका वेळी तीन-चार सेकंदच बघा, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं चुकतं.

टरेटचं गणित सोपं आहे. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक, म्हणजे टरेटचा एक खटका, १०० मीटरवर ७ मिमी आणि ५० वर साडेतीन मिमी सरकवतो. ०.१ मिलचा (मिल हे कोनाचंच दुसरं माप) क्लिक १०० वर १० मिमी, ५० वर ५ मिमी. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोयीचं पडतं. काहीही घ्या, फक्त रेटिकल आणि टरेट एकाच मापात हवेत. मिलचं रेटिकल आणि एमओएचे टरेट अशी खिचडी स्वस्त स्कोपमध्ये सर्रास असते. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (साधारण वेगाची) .२२ गोळी ५० मीटरवर झिरो केली (नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप जुळवला) तर १०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली लागते, म्हणजे २ मिल किंवा ७ एमओए. हे कुठलाही स्कोप पेलतो. २०० मीटरवर मात्र घसरण दीड मीटरच्या पुढे जाते, सुमारे ८ मिल. तिथे एक इंची नळीच्या स्कोपचे वरचे क्लिक संपत येतात, म्हणून २० एमओए उताराची रेल (रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी) आधीच बसवून घ्यावी. ३० मिमी नळीचा खरा फायदा हाच, जास्त क्लिक. उजेड वाढतो हे दुकानदाराचं बोलणं. आणि रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल (म्हणजे एक्स बदलले तरी ते तेवढ्याच आकाराचं दिसत असेल), स्वस्तात बहुधा असतंच, तर त्यावरच्या खुणा एकाच एक्सला खऱ्या असतात. बहुतेकदा सगळ्यात वरच्या.

टरेट खरे बोलतात का, हे गोळी न झाडता तपासता येतं. लाकडाच्या ठोकळ्याला व्ही आकाराची खाच पाडा, त्यात कापड घालून स्कोप आडवा ठेवा आणि रबराने घट्ट बांधा. पुढच्या भिंगापासून टेपने मोजून बरोबर २५ मीटरवर भिंतीला ओळंब्याने उभी रेघ मारा आणि तिच्यावर मिमीची पट्टी चिकटवा. अर्धा मीटर इकडेतिकडे झालं तर दोन टक्क्यांची चूक मोजमापातच शिरते. ८० पाव-एमओए क्लिक फिरवले की रेटिकल १४.५ सेंमी सरकायला हवं, ०.१ मिलचे ६० क्लिक असतील तर १५ सेंमी. नंतर उलटे तेवढेच क्लिक फिरवून मूळ खुणेवर परत आलं पाहिजे. चार-पाच वेळा करा. २-३ टक्के कमी-जास्त पण दर वेळी तेवढंच असेल तर चालवून घ्या, क्लिक मोजताना तेवढी दुरुस्ती धरायची. परत जागेवर येत नसेल, किंवा उभे क्लिक फिरवताना रेटिकल बाजूला सरकत असेल, तर असा स्कोप फुकट मिळाला तरी नको.

स्प्रिंगच्या एअर रायफलवाल्यांनी एक गोष्ट वेगळी विचारावी. त्यातला पिस्टन पुढे आपटतो तेव्हा रायफलला पुढच्या दिशेनेही झटका बसतो, आणि फक्त मागचा धक्का सोसायला बनवलेल्या स्कोपचं रेटिकल त्यात सैल होतं. खोक्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. माउंटला (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीला) स्टॉप पिनही, म्हणजे सरकू न देणारी खीळ, हवी, नाहीतर अख्खा स्कोप हळूहळू मागे सरकत येतो.

माउंटवर काटकसर करू नका. भटकणाऱ्या झिरोचं कारण अनेकदा स्कोप नसून माउंटच्या रिंगा (स्कोपला धरणारी कडी) असतात. आपली रेल ११ मिमी डव्हटेल (तिरक्या कडांची) आहे की पिकाटिनी (आडव्या खाचांची), हे मोजून मगच मागवा. पुढचं भिंग रायफलच्या नळीला न टेकता एक-दोन मिमी वर राहील इतकीच उंची ठेवा. डोळा आणि स्कोपमधलं अंतर सगळ्यात वरच्या एक्सवर जुळवा, कारण तिथे ते सगळ्यात काटेकोर असतं. मग ओळंबा लावून रेटिकलची उभी रेघ सरळ करा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड (स्क्रू कसण्याच्या जोराचं माप) पुरे, आलटून पालटून कसा. त्याहून जास्त कसलं तर स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडखळते. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारं) फक्त बेसच्या, म्हणजे रायफलला पक्क्या होणाऱ्या खालच्या भागाच्या, स्क्रूंना.

जपणूक थोडक्यात. उन्हात उभ्या कारमध्ये ठेवू नका. कूलरच्या खोलीतही नको. ती दमट हवा आणि नंतरचा पावसाळा मिळून भिंगावर बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड लावा. जानेवारीच्या थंड सकाळी केलेला झिरो मे महिन्यात तपासल्याशिवाय धरू नका, गोळीचा वेग हवेच्या तापमानासोबत बदलतो.

विकत घेताना पक्कं बिल आणि सिरियल नंबर घ्या, नामांकित कंपन्यांच्या नकला ऑनलाइन भरपूर आहेत. भिंतीवरची चाचणी परत करायची मुदत संपायच्या आत आणि रिंगांत बसवण्याआधी करा. स्कोपच्या नळीवर रिंगांचे वळ उठले की दुकानदार स्कोप परत घेत नाही.