जाळरेषा, घाणेरी आणि रानमोडी : डोंगरकामाला येणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी तुमच्या हातात कोयता येईल, काडेपेटी नाही. दुसऱ्या महिन्यातही बहुधा कोयताच असेल. हल्ली पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात. पिवळे शर्ट, डोक्यावर हेल्मेट, हातातल्या नळकांड्यातून ठिबकणारी आग आणि समोर शिस्तीत जळत जाणारं रान. तिकडे ते चालतं. फ्लोरिडातली पाइनची रानं ठरवून जाळली जातात, पण त्यासाठी परवाना लागतो, हवामान तपासावं लागतं, माणसं शिकवून तयार करावी लागतात. आपल्याकडे ठरवून जाळायचं ते जाळरेषेपुरतं, म्हणजे वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापुरतं, आणि तेही वनखात्याचा माणूस उभा असताना. राखीव जंगलात आग लावली तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागतं, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३०. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे पाटणपासून शिराळ्यापर्यंतच्या बऱ्याच डोंगराला हे कायदे लागू आहेत. तेव्हा हौसेनं काडी ओढायचा विचार घरीच ठेवून या.

मी पाटण तालुक्यातली, टोळीची मुकादम. टोळीत बायका जास्त, पुरुष कमी. जाळरेषेचं काम थंडीत काही आठवडे चालतं, बाकी वर्षभर आम्ही तण उपटतो. ते तसंच असायला हवं. रान जळालं की जमीन उघडी पडते, आणि उघड्या जमिनीवर पहिल्या पावसात सगळ्यात आधी डोकं वर काढतात त्या घाणेरी आणि रानमोडी, ही दोन झुडपी तणं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाळून वणव्याला खाद्य होतात. म्हणून तणाचा बंदोबस्त न करता नुसत्या जाळरेषा मारत बसलात तर दरवर्षी जास्त रुंद मारत बसावं लागेल.

घाणेरीपासून सुरुवात करू. कुणी टणटणी म्हणतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झाड म्हणून परदेशातून कलकत्त्याच्या बागेत आली आणि तिथून देशभर पसरली. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, आणि उपाशीपोटी लावलंच तर कावीळ होऊन मरायला टेकतात. नवा माणूस काय करतो? कोयत्यानं सपासप तोडतो आणि संध्याकाळी रान मोकळं झालेलं बघून खूश होतो. दोन पाऊस झाले की प्रत्येक बुडख्याला सात-आठ धुमारे. जाळली तरी तेच. घाणेरीचे डोळे जमिनीलगत, खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीत असतात. ती गाठ जमिनीत राहिली तर वरचं काहीही केलं तरी फुकट.

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रुळवलेली एक रीत आहे, आम्ही तीच वापरतो. काम दोघांचं. एकानं लांब काठीच्या आकड्यानं फांद्यांचा पसारा उचलून धरायचा. दुसऱ्यानं खाली वाकून बुडाजवळची माती सारायची, गाठ दिसली की तिच्या खाली दोन-तीन इंचांवर, मुख्य मुळावर, कुदळीचा तिरका घाव घालायचा. सगळं मूळ खणत बसू नका. त्यानं माती ढिली होते आणि उतारावरून पावसात वाहून जाते. मूळ तुटलं की झुडूप अख्खं उलटं करायचं, मुळं वर आणि शेंडा खाली. तसंच ठेवलं की गाठीला माती मिळत नाही आणि ती वाळते. सरळ आडवी टाकून दिलेली घाणेरी पावसाळ्यात परत मूळ धरते. हातात जाड मोजे घाला, पायात बूट. काटे बारीक आणि उलटे असतात, कुदळीपेक्षा तेच जास्त दमवतात.

उलटवण्याचं काम जमीन ओली असताना आणि फळं पिकायच्या आत करायचं. मृगात शेताची घाई असते, म्हणून आम्ही लावणी उरकल्यावर डोंगरावर चढतो. काळी फळं लागलेली झुडपं दिसली तर आधी फळं पोत्यात काढून घ्या, नंतर झुडूप हलवा. हलवल्यावर सांडलेली प्रत्येक गोळी म्हणजे पुढच्या वर्षाची मजुरी.

आणि पुढच्या वर्षी यायचंच आहे. बुलबुल फळं खातात आणि झाडावर बसून बिया टाकतात, त्यामुळे रोपांची दाटी मोकळ्या माळापेक्षा एकट्या-दुकट्या झाडाखाली जास्त असते. नव्या मजुराला मी पूर्ण रान हिंडायला लावत नाही. आंबा, जांभूळ, उंबर, जी काही झाडं उभी असतील त्यांच्या सावलीचा घेर बघून ये म्हणते. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं. दोन-तीन पावसाळे हे केलं नाही तर पहिल्या वर्षाची कुदळ वाया गेली समजा.

रानमोडीला कुदळ लागत नाही. मुळं वरवर असतात, मघा-पूर्वाच्या पावसात जमीन लोण्यासारखी असते तेव्हा बुडाशी धरून ओढली की अख्खी येते. ओळखायला सोपी आहे. पान चुरगाळलं की उग्र वास येतो आणि पानावर देठापासून तीन ठळक शिरा निघालेल्या दिसतात. तिची फुलं थंडीत येतात आणि बी वाऱ्यावर उडतं. एकदा पांढरट तुरे धरले की मग हात लावू नका, तुम्हीच बी पेराल. वाळलेली रानमोडी जितकी उंच तितकी धोक्याची, तिची ज्योत डोक्याच्या वर जाते. म्हणून जाळरेषेच्या दोन्ही अंगांची रानमोडी दसऱ्याच्या आत निघालीच पाहिजे, एवढा एक नियम मी कुणासाठी मोडत नाही.

गाजर गवताचं थोडक्यात सांगते. फुलायच्या आत उपटा, मोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. अंगाला खाज सुटणाऱ्या किंवा दम्याच्या माणसाला त्या कामावर लावू नका. पावसाळ्यात त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा असतो, पिवळसर पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा. जिथे तो चांगला लागलाय तिथलं गवत सोडून दुसरीकडे जा, त्याला त्याचं काम करू द्या. आटपाडी-जतकडची वेडी बाभूळ हा वेगळा विषय आहे, तिथे कुऱ्हाडीनं भागत नाही आणि आमच्या टोळीनं ते काम कधी घेतलेलंही नाही.

आता जाळरेषा. रुंदी वनखातं ठरवतं, कुठे ६ मीटर, कुठे १२. दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की कापणी सुरू होते. आधी दोन्ही कडांना हातभर रुंद पट्टा मातीपर्यंत खरवडून काढायचा. नुसतं कापून चालत नाही, काडी-कचरा दाताळ्यानं ओढून आत टाकायचा. मधलं गवत कापून तिथेच पसरायचं आणि वाळू द्यायचं. हे सगळं, जाळण्यासकट, फेब्रुवारीच्या मध्याच्या आत उरकायचं असतं, कारण १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात.

जाळायची वेळ आम्ही सकाळची धरतो. दव उडालं की सुरू आणि वारा उठायच्या आत बंद. दुपारनंतर कोकणाकडून वारा चढायला लागतो, तेव्हा जाळ हातात राहत नाही. काही टोळ्या संध्याकाळी जाळतात, अंधारात निखारे दिसतात म्हणून. मला ते पटत नाही. संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई असते, आणि अर्धवट विझलेला जाळ रात्री एकटाच जागा राहतो.

आग चढावर पळते आणि उतारावर रेंगाळते. या एका गोष्टीवर सगळं काम चालतं. रेषा डोंगराला आडवी असेल तर वरच्या कडेला पेटवा, म्हणजे जाळ हळूहळू खालच्या खरवडलेल्या पट्ट्याकडे उतरतो. रेषा उभी असेल तर वरच्या टोकाला सुरू करा आणि तुकड्या-तुकड्यानं खाली या. पेटवणारा माणूस एकच. आमच्याकडे ते तात्या करतात, आणि तात्यांनी हात वर केला की बाकीच्यांची बडबड थांबते. दोन्ही कडांना माणसं, प्रत्येकाकडे ओलं गोणपाट किंवा जांभळीची, अंजनीची पानांनी भरलेली डहाळी. डहाळी उंचावरून आपटायची नाही, ठिणग्या उडतात. जाळावर दाबून आतल्या बाजूला ओढायची. वनखात्याचा ब्लोअर, म्हणजे जोरात हवा फेकणारं यंत्र, मिळाला तर उत्तमच. अंगात सुती कपडे, नायलॉनची साडी किंवा ट्रॅकपँट असेल त्या बाईला किंवा पोराला मी परत पाठवते. कितीही रागावू दे.

जाळ कधी फिरलाच तर वर पळायचं नाही. घळीत तर अजिबात उतरायचं नाही, घळीतून आग सरळ वर झेपावते. जळून काळी पडलेल्या जमिनीवर जाऊन उभं राहा. तिथे परत जळायला काही उरलेलं नसतं.

विझवणं हे अर्ध्याहून जास्त काम आहे, आणि त्यात सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे रानशेणी, रानात पडून वाळलेलं शेण. वरून राख, आत लाल. तासन्‌तास धुमसते, तिला ज्योत नसते, धूरही धड दिसत नाही. उतारावर एखादं जनावर गेलं, वारा आला, की ती गोल रानशेणी घरंगळत पट्ट्यापलीकडे वाळल्या गवतात जाते. म्हणून रेषेतल्या सगळ्या शेणी आधीच वेचून पोत्यात भरायच्या. पोकळ बुंधा असेल तर त्याच्याभोवती माती ओढून ठेवायची. तळहाताची मागची बाजू राखेच्या जवळ धरून ऊब बघायची, आणि अंधार पडल्यावर दोघांनी परत एक चक्कर मारायची.

गावात तुम्हाला हमखास ऐकू येईल, डोंगर जाळला की चारा चांगला येतो. भांडत बसू नका, कुसळी गवताचं बी दाखवा. त्याला पीळ दिलेलं लांब शेपूट असतं. ओंजळीत घेऊन पाण्याचा थेंब टाका, शेपूट उलगडत गोल फिरायला लागतं. अशा फिरण्यानंच ते मातीत घुसतं आणि जाळ वरून निघून जातो. चाऱ्याच्या मारवेल गवताचं बी वरच राहतं आणि जळतं. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर कुसळी माजते, आणि कुसळी शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात, लोकरीत कशी रुतते ते धनगराला सांगावं लागत नाही. राबाची भाजणी, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, मात्र वेगळी. भाताच्या, नाचणीच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, लोक ती करणारच. त्यांना एवढंच सांगायचं की राबाभोवती हातभर जमीन साफ करा, सकाळी भाजा आणि जाळ विझेपर्यंत जागा सोडू नका.

काम हवं असेल तर ऑक्टोबरातच आपल्या भागाच्या (बीटच्या) वनखात्याच्या गार्डला आणि गावच्या वनव्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना भेटा. फेब्रुवारीत गेलात तर टोळ्या ठरून गेलेल्या असतात. मजुरी खात्यावर जमा होणार का, विमा कुणाचा, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि हजेरीपटावर आपलं नाव रोज स्वतः बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या पोर्टलवर मोबाईल नंबर नोंदवला तर उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश फोनवर येतो. कुठेही धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवा. डोंगराचं नाव, कोणत्या गावाची बाजू आणि जाळ वर चाललाय की खाली, एवढं सांगितलं की पुढचा माणूस बरोबर ठिकाणी पोचतो.