माहितीपट आणि कथापट : दोन्हींत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

माहितीपट आणि कथापट या दोन्हींत काम करायचे असेल, तर सुरुवात माहितीपटापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तिथे छोट्या चमूत कॅमेरा, ध्वनी आणि संकलन या तिन्ही गोष्टी स्वतः शिकाव्या लागतात. संमतिपत्र चित्रीकरणापूर्वीच घ्यावे. मुलाखतीचे प्रश्न संपले, तरी कॅमेरा लगेच बंद करू नये. मात्र तो चालू असल्याचे समोरच्याला ठाऊक असावे. उत्तर देऊन झाल्यावर माणूस चष्मा काढतो, हातातल्या रुमालाची उगाच घडी घालत राहतो आणि बहुतेकदा तेव्हाच मोकळेपणाने बोलू लागतो. हे निरीक्षण पुढे अभिनेत्याला प्रसंग समजावताना फार उपयोगी पडते. निघण्यापूर्वी त्या खोलीतली शांतता, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, किमान ३० सेकंद ध्वनिमुद्रित करावी आणि ती वाक्यांच्या जोडांखाली वापरावी, अन्यथा संकलनात दोन वाक्यांमधले सांधे ऐकू येतात.

पोलंडचे चित्रपट दिग्दर्शक क्रिश्तोफ किश्लोव्स्की यांनी १९७०च्या दशकात अनेक माहितीपट केले, परंतु माणसाच्या अगदी खासगी आयुष्यात कॅमेरा नेणे त्यांना पटेनासे झाले आणि ते कथापटाकडे वळले. विषय कोणत्या प्रकारात मांडावा, हे ठरवताना हीच कसोटी लावावी : ज्या प्रसंगाच्या चित्रीकरणाने कोणाला इजा पोहोचेल, तो पटकथेत लिहावा, आणि तोही ती व्यक्ती ओळखू येणार नाही अशा रीतीने.