अपेंडिक्स काढलं, पण रिपोर्ट वाचला का?

सर्जरीच्या पहिल्या वर्षाला लागलेल्यांनो, अपेंडिसायटिस कसा ओळखायचा हे तुम्हाला येतंच. मी चुकलो ते त्याच्या पुढे.

बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई, वय तिशीचं. उजवीकडे खालच्या पोटात दुखत होतं. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सुट्टी दिली. आठवड्यानं हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा) रिपोर्ट आला, तो मी न वाचताच फाइलला लावला. दीड महिन्यानं बाई परत दारात, दुखणं तसंच. तेव्हा रिपोर्ट उघडला: अपेंडिक्सच्या पोकळीत सूतकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक जंत, भिंतीला सूज नाही.

अपेंडिक्स काढल्यानं जंत जात नाहीत, ते सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, राहतात. रात्री संडासच्या जागी खाज येते का, हे मी विचारलंच नव्हतं. सिस्टरनं पडद्याआड विचारलं, तर म्हणाली, "येती की. लेकरायला बी येती."

शौचाची तपासणी नॉर्मल होती, त्यावर मी विसंबलो. इथंच सगळे फसतात. या जंताची मादी अंडी शौचात घालत नाही, रात्री गुदद्वाराबाहेर येऊन घालते. म्हणून सकाळी उठल्याउठल्या, संडास-आंघोळीआधी तिथं चिकटपट्टी लावा, ती स्लाइडवर चिकटवून बघा. सलग तीन दिवस.

जंताची गोळी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच, कारण गोळीनं जंत मरतात, अंडी उरतात. कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, एका गोधडीवर झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या. बाई गरोदर आहे का, ते आधी विचारा. शाळा-अंगणवाडीतली जंतनाशक मोहीम 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी असते, मोठी माणसं त्यातून सुटतात.

उलट टोकालाही जाऊ नका. जंत सापडले म्हणजे अपेंडिसायटिस त्यांनीच केला, असं लिहू नका. असे जंत निघालेल्या कित्येक अपेंडिक्सना सूजच नसते. पोकळी अडल्यानं कळ येऊ शकते, पण कारण कोणतं यावर वाद अजून चालू आहे. आणि पोट कडक झालेल्या पेशंटला गोळी देऊन ऑपरेशन लांबवणं हा गुन्हा आहे.

"अपेंडिक्स काढलं, विषय संपला" म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. पॅथॉलॉजीत नेऊन, आडव्या छेदात जंताच्या दोन्ही कडांचे टोकदार उंचवटे दाखवतो, त्याला धरा. घाबरू मात्र नका, वेळेत ओळखलं तर उपचार साधा आहे.

दुसऱ्या डोसला ती नवरा, सासू आणि दोन्ही लेकरांना घेऊन आली. गोधड्या गरम पाण्यात धुतल्याचं तिनं आपणहून सांगितलं.