कुमारीजन्माचा सिद्धांत अभ्यासवर्गात कसा मांडावा

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत बायबल अभ्यासवर्ग घेणाऱ्याला कुमारीजन्माचा, म्हणजे येशू मानवी पित्याशिवाय कुमारी मरीयेपासून जन्मला या शिकवणीचा, विषय टाळता येत नाही, आणि बहुधा तो दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर चमत्कार शक्य आहे की नाही यावर सगळा वेळ वादात जातो, नाहीतर ‘हे गूढ आहे, विश्वास ठेवा’ एवढ्यावर वर्ग आटोपतो. ही शिकवण मुळात येशू कोण आहे हे सांगण्यासाठी आहे. मांडणी तिथूनच सुरू करावी आणि चर्चा भरकटली की तिथेच परत आणावी.

प्रथम मूळ उतारे वाचावेत: मत्तय १:१८-२५ आणि लूक १:२६-३८. नाताळच्या देखाव्यात दोन्ही कथा एकत्र मिसळलेल्या असतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे वाचून घेणे आवश्यक आहे. मत्तय योसेफाच्या बाजूने सांगतो, तर लूक मरीयेच्या. तपशील वेगळे असूनही मरीयेची योसेफाशी मागणी झालेली होती, ते एकत्र येण्यापूर्वी ती पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने गर्भवती झाली आणि मूल बेथलेहेमात जन्मले, याबाबत दोघांचे एकमत आहे.

मत्तयाची वंशावळ कंटाळवाणी म्हणून ओलांडू नये. ‘अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला’ अशी एकाच साच्यातली वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. योसेफापाशी येताच हा साचा मोडतो. योसेफाला येशू झाला असे मत्तय लिहीत नाही; योसेफ हा मरीयेचा पती आणि तिच्यापासून येशू जन्मला, असे तो लिहितो. हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचायला लावावे, कारण पुढची सगळी कथा या मोडलेल्या साच्याचे स्पष्टीकरण आहे. त्यानंतर योसेफ बाळाचे नाव ठेवतो, म्हणजेच त्याला आपला म्हणून स्वीकारतो आणि त्यामुळे बाळ दाविदाच्या घराण्यात गणले जाते. ‘जुन्या काळची माणसे भोळी होती’ असे कोणी म्हटल्यास एकोणिसावे वचन दाखवावे: मूल कसे होते हे योसेफाला पुरते ठाऊक होते, म्हणून तर तो मरीयेला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात होता.

‘कुमारी गर्भवती होईल व पुत्र प्रसवेल’ या यशया ७:१४ मधील वचनाचा प्रश्न हमखास निघतो. ते वचन प्रथम यहूदाचा राजा आहाज याला, शत्रूंनी घेरल्याच्या भीतीच्या काळात दिलेले चिन्ह आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. मत्तय त्याच वचनाची परिपूर्ती येशूमध्ये पाहतो. मार्क आणि पौल ही जन्मकथा सांगत नाहीत, हेही लपवू नये. पौल गलतीकरांस फक्त ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढेच लिहितो. त्यावरून त्याला ही कथा माहीत होती किंवा नव्हती, असा कोणताच निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही.

आता महत्त्वाचा भाग, आणि यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्यासमोर येशूचे देवत्व नाकारणाऱ्यांपेक्षा त्याचे माणूसपण नाकारणारे लोक उभे होते. ख्रिस्ताचे शरीर आणि दुःख हा केवळ भास होता असे ते म्हणत. त्यांना उत्तर देताना तो येशू खरोखर कुमारीपासून जन्मला आणि खरोखर खिळला गेला, असे लिहितो. म्हणजे या शिकवणीतला ‘जन्म’ हा शब्द ‘कुमारी’इतकाच वजनाचा आहे. मरीयेपासून जन्मला म्हणून तो खरा मनुष्य; पवित्र आत्म्याच्या कृतीने गर्भात आला म्हणून त्याचे येणे हे मानवी इच्छेचे किंवा पराक्रमाचे फळ नव्हे, तर देवाने स्वतः घेतलेला पुढाकार. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरलेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत विधानात, मरीयेचा उल्लेख नव्हता. आज उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या रूपात ‘पवित्र आत्म्यापासून व कुमारी मरीयेपासून’ हा आशय आला. दोन्ही नावे शेजारी का आहेत, हे वर्गाला विचारून पाहावे.

दोन चुकीची समर्थने मात्र कटाक्षाने टाळावीत. कुमारीपासून जन्मला म्हणून तो देवाचा पुत्र ठरतो, असा सरळ पुरावा मांडू नये. कुराणातही ईसाचा जन्म पित्याशिवाय झाल्याचे मान्य केले आहे, तरी त्याचे देवपुत्रत्व नाकारले आहे. ख्रिस्ती श्रद्धेत पुत्र अनादि काळापासून आहे. कुमारीजन्म हे त्याच्या देहधारणाचे, म्हणजे मनुष्य होण्याचे, चिन्ह आहे. दुसरे, शरीरसंबंध अपवित्र म्हणून हा मार्ग निवडला गेला, असेही सुचवू नये. विवाह ही देवाचीच योजना आहे, आणि लूक बाळाच्या पावित्र्याचे कारण पित्याच्या अभावात नव्हे, आत्म्याच्या येण्यात दाखवतो.

मराठी वर्गात कुंती आणि कर्णाची आठवण कोणीतरी काढतेच. प्रश्न झिडकारू नये. महाभारतात मंत्राने बोलावलेला सूर्यदेव स्वतः कुंतीसमोर प्रकट होतो आणि तोच कर्णाचा पिता ठरतो. लूककडे देव पित्याची शारीरिक जागा घेत नाही, त्याचे सामर्थ्य मरीयेवर छाया करते, आणि मरीया संमती देते. कुंती लोकलज्जेने मूल पाण्यात सोडते. मरीयेच्या बाबतीत ती लज्जा योसेफ आपल्या अंगावर घेतो.

शेवटी सणांचा गोंधळ निस्तरावा. पणजीच्या चर्चचा ८ डिसेंबरचा सण मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा आहे, म्हणजे ती स्वतः तिच्या आईच्या उदरात मूळ पापापासून (आदामापासून सर्व माणसांत आलेल्या पापापासून) मुक्त राहिली या कॅथलिक शिकवणीचा, जी पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये अधिकृतपणे घोषित केली. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या मरीयेच्या जन्मदिनाशी निगडित आहे. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी येतो. प्रोटेस्टंट मंडळ्या यांतील पहिली शिकवण मानत नाहीत, पण कुमारीजन्म त्यांच्याही विश्वासांगीकारात आहे. मिश्र वर्गात हे आधीच स्पष्ट केले की पुढचा निम्मा वाद उद्भवतच नाही.