क्रेफिशची पिल्लं जगवायची तर

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा झिंग्यासारखा जीव. त्याची पिल्लं आईच्या पोटाखाली चिकटलेली असतात तोवर टाकीत हात घालू नका. ती सुटी होऊन फिरू लागली की आईला वेगळ्या टाकीत हलवा, नाहीतर ती त्यांना खाते.

खरा धोका पिल्लांचा एकमेकांनाच. लहानपणी ती सारखी कात टाकतात. कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि भावंडं तुटून पडतात. म्हणून पिल्लं जितकी, त्याहून लपायच्या जागा जास्त हव्यात. आमच्या जळगावकडे केळीच्या मळ्यात ठिबकची १६ मिमीची नळी असतेच. खत न गेलेली कोरी नळी घ्या, बोटभर तुकडे करून तळाशी पसरा. माझी सगळ्यात जास्त पिल्लं या नळ्यांनीच वाचवली.

टाकलेली कात काढू नका, ती खाऊन त्यांना कॅल्शियम परत मिळतं. खायला उकडलेला पालक, वाटाणा, देशी बदामाचं वाळलेलं पान. फिल्टर स्पंजचाच. तांबं असलेलं औषध पाण्यात अजिबात नको.

मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा झाकणाऐवजी जाळी बसवून पाण्यावर पंखा सोडा. जास्तीची पिल्लं मात्र तापी-गिरणेत सोडू नका. हा जीव आपल्याकडचा नाही.