डॉलर कुठं लावायचा, कुठं नाही: एक्सेलच्या फॉर्म्युल्यात सेल लॉक कसा करायचा

आमच्या वहिनी घरून चटण्या करून विकतात, शेंगा, कारळ, जवस, लसूण, सोलापुरात हे काय नवीन नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी दुकानदारांना द्यायच्या कमिशनचा हिशोब एक्सेलमध्ये मांडला आणि एक किलो लसूण चटणीवर कमिशन आलं १,२०,००० रुपये. लगेच मला फोन, "भावजी, लॅपटॉप बिघडलाय बघा." लॅपटॉप ठणठणीत होता, फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह ($) नव्हतं एवढंच. तेच इथं सांगतो, गुगल शीट्समध्येपण हे सगळं असंच चालतं.

आधी शीट कशी होती ते बघा, तुम्हीपण एक कोरी शीट उघडून सोबत करा म्हणजे डोक्यात बसेल. (सेल म्हणजे शीटमधला एक चौकोन, बी१ म्हणजे बी कॉलममधला पहिल्या ओळीचा सेल. सेलची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका.) बी१ मध्ये कमिशनचा दर, १०%. बी२ रिकामा. तिसऱ्या ओळीत हेडिंग, म्हणजे ए३ मध्ये "माल", बी३ मध्ये "किलोचा भाव", सी३ मध्ये "कमिशन". चौथ्या ओळीपासून माल सुरू: शेंगा ४००, कारळ ३६०, जवस ३२०, लसूण ३००. भाव समजण्यापुरते धरलेत, ह्याच भावात मागायला येऊ नका.

आता सी४ मध्ये टाइप करा =बी४*बी१ आणि एंटर मारा. ४० आले, बरोबर. मग सी४ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला तो छोटा चौकोन धरून खाली सातव्या ओळीपर्यंत ओढा. कारळापुढं ० येईल, जवसापुढं #व्हॅल्यू! अशी एरर येईल आणि लसणापुढं ते सव्वा लाखाच्या आसपासचं प्रकरण.

असं का झालं? प्रत्येक सेलवर डबल क्लिक करून आतला फॉर्म्युला वाचा, लगेच दिसतं. सी५ मध्ये झालंय बी५*बी२, आणि बी२ तर रिकामा, म्हणून शून्य. सी६ मध्ये बी६*बी३, बी३ मध्ये "किलोचा भाव" हे शब्द आहेत, शब्दाला आकड्यानं कसं गुणणार, म्हणून एरर. आणि सी७ मध्ये बी७*बी४, म्हणजे लसणाचा भाव गुणिले शेंगांचा भाव, ३०० गुणिले ४००.

फॉर्म्युला कॉपी होतो तेव्हा एक्सेल बी१ ला "बी१" म्हणून धरत नाही, "माझ्यापासून एक कॉलम डावीकडं, तीन ओळी वर" असं धरतं. पत्ता विचारल्यावर कोणी "इथून दुसरी गल्ली" म्हणतं तसं, तुम्ही उभे कुठं आहात त्यावर ती गल्ली बदलते. ह्याला रिलेटिव्ह रेफरन्स म्हणतात. आणि "सात रस्त्याला या" (सोलापुरातला चौक) म्हटलं की तुम्ही अशोक चौकात असा नाहीतर स्टेशनवर, सात रस्ता जागचा हलत नाही, तो ॲब्सोल्युट रेफरन्स. किलोचा भाव प्रत्येक ओळीला वेगळा आहे, तिथं "इथून दुसरी गल्ली" वालाच पत्ता पाहिजे. कमिशनचा दर मात्र एकच, तो सात रस्ता.

तर सी४ वर परत जा, फॉर्म्युल्यात बी१ वर कर्सर ठेवा आणि कीबोर्डची एफ-फोर की एकदा दाबा. तिथं $बी$१ होईल. लॅपटॉपवर ह्या कीनं भलतंच काहीतरी झालं, आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त झाला, तर एफएन धरून दाबा. मोबाईलवर ही की नसते, डॉलर हातानंच टाका. आता =बी४*$बी$१ असं झालं, परत खाली ओढा: ४०, ३६, ३२, ३०. बी१ मध्ये १० चं १२% करून बघा, सगळा कॉलम आपोआप हलतो. काहीजण दर थेट फॉर्म्युल्यात लिहितात, =बी४*१०% असं, ते मला अजिबात पटत नाही, दर बदलला की प्रत्येक फॉर्म्युला शोधत बसायचं आणि एखादा राहतोच.

इथपर्यंत बऱ्याच जणांना येतं. खरी गंमत अर्ध्या डॉलरमध्ये आहे आणि तिथंच लोक कंटाळून कॅल्क्युलेटर काढतात. वहिनींना पाकिटांचं रेटकार्ड पाहिजे होतं. नवीन शीट घ्या, ए२ पासून खाली चटण्यांची नावं, बी२ पासून खाली किलोचा भाव, आणि वर सी१, डी१, ई१ मध्ये पाकिटाचं वजन किलोत: ०.१, ०.२५, ०.५. "१०० ग्रॅम" असं अक्षरात लिहू नका, परत ती एरर येईल.

सी२ मध्ये नुसतं =बी२*सी१ टाकून उजवीकडं ओढलं तर शेंगाचटणीचं १०० ग्रॅम ४० रुपये आणि पाव किलो १० रुपये! कारण डी२ मध्ये सी२*डी१ झालं, म्हणजे ४० गुणिले पाव. बरं दोन्हीला पूर्ण डॉलर लावले तर सगळ्या पाकिटांना ४० च.

इथं स्वतःला विचारायचं की काय हलू द्यायचं नाही. भाव कायम बी कॉलममध्येच आहे, म्हणून कॉलम लॉक, ओळ मोकळी: $बी२. वजन कायम पहिल्या ओळीतच आहे, म्हणून ओळ लॉक, कॉलम मोकळा: सी$१. डॉलर ज्याच्या आधी बसतो तेच अडकतं. एफ-फोर परत परत दाबत राहिलं की हे चारही प्रकार फिरून येतात, पूर्ण लॉक, मग फक्त ओळ, मग फक्त कॉलम, मग मोकळं. सी२ मध्ये =$बी२*सी$१ टाकून आधी उजवीकडं ओढा, मग सी२ ते ई२ हे तिन्ही सेल एकत्र धरून खाली. शेंगा ४०, १००, २००, कारळ ३६, ९०, १८०, एकाच फॉर्म्युल्यात अख्खं कार्ड.

व्हीलुकअप (टेबलात नाव शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) वापरत असाल तर ज्या टेबलात शोधायचंय त्या रेंजलापण डॉलर लावा, नाहीतर खाली ओढताना टेबल वरून सुटत जातं आणि निम्मी नावं सापडत नाहीत.

एक गैरसमज मात्र काढून टाका, डॉलर लावला म्हणजे तो सेल कायमचा खिळला असं नाही. वर एक नवीन ओळ घातली तर $बी$१ चं आपोआप $बी$२ होतं, आणि तेच बरोबर आहे, दर जिथं सरकला तिथं फॉर्म्युला त्याच्या मागं गेला. डॉलरचा संबंध फक्त कॉपी करण्याशी. म्हणूनच फॉर्म्युला कट करून दुसरीकडं पेस्ट केला तर डॉलर असो नसो, आतले पत्ते तसेच राहतात.

वहिनींनी आता बी१ ला पिवळा रंग दिलाय आणि शेजारी लिहिलंय "इथंच बदलायचं, भावजींना फोन करायचा नाही".