ज्यूलचा स्थिरांक ४.१९ येत नाही? या चुका टाळा

ज्यूलचा स्थिरांक म्हणजे एक कॅलरी उष्णता मिळवायला किती ज्यूल काम लागतं तो आकडा. तो काढायचा प्रयोग असा: मीटरभर लांबीची पुठ्ठ्याची जाड नळी, दोन्ही टोकांना बूच, आत शिशाचे छर्रे. नळी ५० वेळा उलटी करायची आणि तापमान किती चढलं ते पाहायचं. छर्रे पडण्यातलं काम भागिले त्यांना मिळालेली उष्णता, हे सूत्र. उत्तर ५ च्या आसपास आलं की वहीत आकडे ‘जुळवले’ जातात. त्यापेक्षा उत्तर कुठल्या बाजूला घसरलंय ते पाहा. चूक तिथेच सापडते.

उत्तर जास्त येतंय? आधी उंची तपासा. छर्रे नळीभर पडत नाहीत. नळी १०० सेंमी आणि छर्ऱ्यांचा थर ५ सेंमी असेल, तर पडण्याची उंची ९५ सेंमी. नळी सावकाश फिरवली की छर्रे मधूनच घरंगळतात, म्हणून झटकन उभी करा.

सूत्रात वस्तुमान कटतं, म्हणून मूठभर छर्रे घेतले तर फसाल. अर्धा किलो शिसं तापवायला जेमतेम १५ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता लागते. त्यातली बरीचशी जाड थर्मामीटरच खाऊन टाकतो. अर्धा किलो तरी घ्या, आणि बारीक टोकाचा, ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वापरा. ५० फेऱ्यांत वाढ होते फक्त ३.६ अंशांची. ती ३.१ वाचली, की उत्तर थेट ४.९!

उष्णता बाहेर जाते, हेही आहेच. छर्रे खोलीपेक्षा दोनएक अंश थंड करून सुरुवात करा. पहिल्या निम्म्या फेऱ्यांत आत आलेली उष्णता पुढच्या निम्म्यांत बाहेर जाते, हिशेब जवळपास फिटतो.

उत्तर ४.१९ पेक्षा कमी येत असेल तर बहुधा तुमचा हात दोषी. बुचाजवळ तळवा दाबून धरू नका, आणि छर्रे पडताना नळीला हिसका देऊ नका. ती जादा ऊर्जा सूत्रात कुठेच नाही.

हा स्थिरांक ज्याच्या नावाने आहे, त्या इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलचं काम याहून नाजूक होतं. वजनं सुमारे ६३ इंच खाली सोडून पाण्यातली वल्ही फिरवायची, असं २० वेळा. तरी पाणी तापायचं अर्धा अंश फॅरनहाइटच्या आसपास. अंगाची ऊब लागू नये म्हणून त्याने मध्ये लाकडी आडोसा ठेवला होता. वजनं जमिनीवर आदळताना उरलेली गतिज ऊर्जाही त्याने वजा केली. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती काम लागतं, याचा १८५० साली छापलेला त्याचा आकडा ७७२ फूट-पौंड, आजचा ७७८.

छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवा. शिसं विषारी असतं.